बरणीतली चिठ्ठी : बाजारगावच्या भोजनालयात नशिबाचा खेळ कसा मांडावा

सोमवारी बाजार भरणाऱ्या तालुक्याच्या गावी भोजनालय चालवणाऱ्याला सोमवारी ग्राहक ओढण्याची युक्ती लागत नाही. सकाळी पोह्यांवर तर्री पडू लागल्यापासून दुपारी चारपर्यंत बाकावर जागा मिळत नाही, आणि उभ्याउभ्या मठ्ठा पिऊन निघणारी माणसेही गल्ल्यात काही ना काही टाकून जातात. प्रश्न असतो तो मंगळवार, बुधवार आणि गुरुवारचा. आचारी आणि वाढपी तेवढ्याच रोजावर उभे असतात, रस्सा तेवढ्याच पातेल्यात रटरटत असतो आणि भर दुपारी चारपैकी तीन टेबले पंख्याचा वारा खात असतात. अशा रिकाम्या दिवसांसाठी चिठ्ठीसारखा नशिबाचा खेळ (जेवायला आलेल्याने बरणीतून चिठ्ठी काढायची आणि तीत निघेल ती वस्तू मोफत घ्यायची) कसा मांडावा, त्यावर किती खर्च करावा, कायदा कोठे आडवा येतो आणि खेळ केव्हा बंद करावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. वर्धा जिल्ह्यातील एका बाजारगावी माझे भोजनालय आहे. यातल्या निम्म्या गोष्टी मी कायदा आणि हिशेबाची वही वाचून शिकलो आणि उरलेल्या निम्म्या चुका करून.

पहिली पायरी : कोणाला बोलवायचे ते ठरवणे

पहिली चूक येथेच झाली. बाजाराच्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला मी एक कूपन दिले आणि त्यावर छापले, 'सात दिवसांत पुन्हा या, एक वस्तू मोफत मिळवा.' आठवडाभर जवळजवळ कोणीच आले नाही. पुढच्या सोमवारी मात्र माणसे कूपने घेऊन रांगेत उभी राहिली, आणि सोमवारपासून मोजलेले सात दिवस रविवारीच संपले असल्यामुळे ती सगळी कूपने आदल्या दिवशी बाद झालेली होती. एका वयस्कर कास्तकाराने कूपन घडी घालून खिशात ठेवले आणि म्हटले, "मालक, आम्ही सोमवारशिवाय येतो केव्हा गावात?" त्या दिवशी मी सगळ्यांची कूपने मान्य केली. पण त्याच्या प्रश्नात जे होते ते मला आधी सुचायला हवे होते. ज्याचे वावर बारा किलोमीटरवर आहे आणि ज्याला तालुक्याला येण्याचे कारण आठवड्यातून एकदाच पडते, तो फुकटच्या पापडासाठी बुधवारी एसटीचे तिकीट काढणार नाही. खेळाने माणूस गावात येत नाही; गावात असलेला माणूस शेजारच्या हॉटेलाऐवजी आपल्याकडे वळतो, एवढेच खेळाच्या हाती असते.

म्हणून आधी वहीत एक पान घेऊन रिकाम्या दिवशी दुपारी गावात कोण कोण असते याची यादी करावी. आमच्या गावात ती अशी निघाली : तहसील आणि पंचायत समितीत कामासाठी आलेली माणसे, ग्रामीण रुग्णालयात रुग्णासोबत आलेले नातेवाईक, शिक्षक, बँकेचे आणि कृषी केंद्राचे कर्मचारी, एसटीचे चालक-वाहक, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगवर गाडी खाली होण्याची वाट पाहणारे चालक. यांतील शिक्षक आणि कर्मचारी रोज येऊ शकतात, तर रुग्णालयातले नातेवाईक एकदाच येतात. खेळ रोज येऊ शकणाऱ्यांसाठी मांडावा. रुग्णाच्या काळजीत असलेल्या माणसापुढे बरणी धरू नये. त्याच्या ताटात वस्तू न मागता वाढावी, आणि ही गोष्ट वाढप्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगावी.

हंगामही पाहावा लागतो. सोयाबीन आणि कापूस विकला जात असतो त्या दिवाळीच्या आगेमागच्या महिन्यांत लोकांच्या हाती पैसा असतो आणि भोजनालय तसेही चालते. पेरणीनंतरचे दिवस, म्हणजे आषाढ आणि श्रावण, सर्वांत ओढगस्तीचे असतात. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या भागात, गणित निराळे असते. तेथे दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, आणि नाटकांचे दिवस सुरू होतात आणि रात्रीचा ग्राहक आपोआप वाढतो. ज्या महिन्यात गल्ला आपोआप भरतो त्या महिन्यात खेळ मांडणे म्हणजे येणारच असलेल्या माणसाला खर्च करून बोलावणे होय.

दुसरी पायरी : कायदा समजून घेणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण गणपतीत, पोळ्याला आणि क्रिकेटच्या स्पर्धांना गावोगावी तिकिटे विकून मोटारसायकलचा लकी ड्रॉ काढला जातो आणि कोणाचे काही बिघडताना दिसत नाही. तो दाखला भोजनालयाने घेऊ नये. मंडळ दहा दिवसांनी उठून जाते. आपले दुकान, परवाना आणि नाव तेथेच राहते.

भारतीय न्याय संहितेचे कलम २९७ सांगते की, राज्याच्या किंवा राज्याने परवानगी दिलेल्या लॉटरीखेरीज अन्य लॉटरीची सोडत काढण्यासाठी जागा चालवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अशा सोडतीची जाहिरात करणाऱ्यालाही पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय दंड संहितेत हीच तरतूद कलम २९४-अ म्हणून होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. मटका आणि तीन पत्तीच्या अड्ड्यांवर पोलीस ज्या कायद्याखाली छापे घालतात तो जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. तिसरा कायदा भोजनालयवाल्यांना फारसा ठाऊक नसतो, आणि आपल्या कामाचा तोच सर्वांत जास्त आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे आणि तीत बक्षीस योजनांविषयी तीन गोष्टी येतात. देण्याचा हेतू नसताना बक्षीस जाहीर करणे, किंवा जिची किंमत बिलातच वसूल केली आहे ती वस्तू फुकट दिल्याचा भास निर्माण करणे, ही पहिली. विक्री किंवा धंदा वाढवण्यासाठी स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा अथवा कौशल्याचा खेळ चालवणे, ही दुसरी. नियमांनी सूट दिलेले प्रकार तेवढे तिच्यातून वगळले आहेत. योजना संपल्यावर भाग घेणाऱ्यांपासून निकाल दडवणे, ही तिसरी.

या शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर 'पाचशेच्या जेवणावर एक कूपन, महिनाअखेर सोडत, एकाला सायकल' ही योजना त्यात पुरती सापडते, कारण एकाला सायकल मिळते आणि बाकीचे शेकडो जण रिकाम्या हाताने राहतात. मी ती योजना बाद केली आणि त्याऐवजी एकच नियम धरला, ज्यावर पुढचे सगळे उभे आहे : प्रत्येक ग्राहकाला ठरलेली भेट मिळणारच, सगळ्या भेटी जवळजवळ सारख्या किमतीच्या असतील आणि नशीब ठरवेल ते इतकेच की कोणती. मिळेल की नाही, हा प्रश्न खेळात ठेवायचाच नाही. असे केल्याने खेळ खरे तर भेटवस्तूच्या योजनेकडे झुकतो आणि धोका बराच कमी होतो. तरीही चिठ्ठीचा नमुना आणि फलकाचा मजकूर तालुका न्यायालयातल्या एखाद्या वकिलाला आधी दाखवून घ्यावा. मी दाखवला आणि त्यांनी माझ्या मजकुरातला 'लकी ड्रॉ' हा शब्द तेवढा खोडला.

काही गोष्टी थोडक्यात. चिठ्ठीसाठी वेगळे पैसे कधीही घेऊ नयेत. खेळ चालू असेपर्यंत ताटाचा भाव वाढवू नये. रोख रक्कम भेट म्हणून देऊ नये. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के दराने कर कापून भरण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते, म्हणून त्या वाटेलाच जाऊ नये. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, पण ती नसलेल्या जिल्ह्यातही दारू आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) यांचा खेळाशी संबंध जोडू नये. मोबाइलवर पैसे लावून फिरवायच्या चक्राचा विचार कोणी सुचवला तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले आहेत हे सांगून विषय संपवावा. ग्राहकांचे मोबाइल क्रमांकही गोळा करू नयेत. चिठ्ठीला त्यांची गरज नसते आणि घेतले की सांभाळण्याची जबाबदारी आपली होते.

तिसरी पायरी : साधन निवडणे

फिरते चक्र दिसायला आकर्षक असते, पण आपल्याकडच्या जत्रांत चक्रीवर पैसे लावले जातात हे लहान पोरालाही ठाऊक आहे, आणि भोजनालयात चक्र टांगले की बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार तोच येतो. फाशांचेही तसेच. खरवडायच्या छापील कार्डांना नागपूर किंवा अमरावतीच्या छापखान्यात किमान संख्या सांगतात आणि एक मजकूर चुकला की सगळा गठ्ठा वाया जातो.

चिठ्ठी सर्वांत बरी. तिला आपल्याकडे मानही आहे : सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत चिठ्ठीनेच निघते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मते समसमान पडली की निकाल ईश्वरचिठ्ठीने लागतो, भिशीचा नंबरही तसाच निघतो. लोकांचा चिठ्ठीवर विश्वास असतो, कारण ती त्यांच्या डोळ्यांदेखत निघालेली असते.

चिठ्ठ्या मात्र मडक्यात ठेवू नयेत. मुंबईतला मटका सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर खेळला जाई. ते भाव येणे थांबल्यावर मडक्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढू लागले आणि नाव तेच पडले. कापूस पिकवणाऱ्या मुलखात गल्ल्याशेजारी मडके ठेवून त्यात हात घालायला लावले तर चार दिवसांत भोजनालयाला कोणते टोपणनाव पडेल हे सांगायला नको. आम्ही लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी घेतली. काच आरपार असल्याने आत किती चिठ्ठ्या आहेत हे दिसते, आणि चिठ्ठ्या संपत आल्या की ग्राहकच तसे सांगतो.

पहिल्या आठवड्यात चिठ्ठी जेवणानंतर काढायला दिली जात होती. सावजी रश्शाचे लाल तेल हात धुतल्यावरही बोटांच्या पेरांत राहते हे आचाऱ्याला ठाऊक होते, पण मला सुचले नाही. चौथ्या दिवशी मी बरणी उघडून पाहिली तेव्हा निम्म्या चिठ्ठ्यांना कडेने लालसर डाग पडले होते, आणि एका चिठ्ठीच्या डागाचा आकार आमच्या वाढप्याच्या चांगलाच लक्षात राहिला होता. त्या चिठ्ठीत आलूभजे होते, आणि ती सलग दोन दिवस त्याच्या मित्रालाच निघाली होती, कारण वाढपी काढलेली चिठ्ठी परत बरणीत टाकत असे. तेव्हापासून दोन नियम झाले. चिठ्ठी जेवण सांगतानाच, कोरड्या हाताने काढायची. त्यामुळे भेटीची वस्तू ताटासोबतच येते आणि वाढप्याची एक फेरी वाचते. आणि निघालेली चिठ्ठी बरणीत परत जात नाही. ग्राहकाच्या समोर ती फाडून गल्ल्याखालच्या डब्यात टाकली जाते.

चौथी पायरी : हिशेब

हे काम शांतपणे, दुकान बंद झाल्यावर करावे. समजा रिकाम्या दिवशी चाळीस बिले होतात आणि सरासरी बिल २०० रुपयांचे आहे. विक्री ८,००० रुपये झाली. खेळावर विक्रीच्या ३ टक्क्यांहून जास्त खर्च करू नये असे माझे मत आहे. म्हणजे दिवसाला २४० रुपये आणि बिलामागे ६ रुपये. हा खर्च वस्तूच्या विक्रीच्या भावाने धरायचा नसतो, ती बनवायला आपल्याला जो खर्च येतो त्याने धरायचा असतो. मठ्ठ्याचा पेला आपण वीस रुपयांना विकत असलो तरी त्यात दही, कोथिंबीर आणि मीठ मिळून पाच रुपयेच जातात.

चाळीस चिठ्ठ्या अशा भरता येतील : मठ्ठ्याच्या १६, प्रत्येकी ५ रुपयांप्रमाणे ८० रुपये, भाजलेल्या पापडाच्या १२, प्रत्येकी ४ प्रमाणे ४८, गोड शिऱ्याच्या वाटीच्या ८, प्रत्येकी ८ प्रमाणे ६४, आणि आलूभज्यांच्या प्लेटच्या ४, प्रत्येकी १२ प्रमाणे ४८. बेरीज बरोबर २४० होते. या चारही वस्तूंचा फलकावरचा भाव पंधरा ते तीस रुपयांच्या आत राहतो, म्हणून पापड निघालेल्याला फसवल्यासारखे वाटत नाही आणि भजे निघालेला जिंकल्यासारखा हसतो. रकमा प्रत्येकाने आपल्या किराण्याच्या भावाने बदलून घ्याव्यात; प्रमाण साधारण हेच ठेवावे.

आता हा खर्च भरून कसा निघतो ते पाहू. दोनशेच्या बिलातून किराणा, भाजी, मटण आणि गॅस वजा जाता समजा शंभर रुपये उरतात. आचारी, वाढपी, भाडे आणि वीज यांचा खर्च ग्राहक आला नाही तरी होतच असतो. म्हणून खेळामुळे दिवसाला तीन बिले जास्त झाली तर तीनशे रुपये हाती येतात आणि दोनशे चाळीस आणि या तीन बिलांच्या चिठ्ठ्यांचे अठरा निघून जाऊनही बेचाळीस उरतात. रोज तीन जास्त बिले येत नसतील तर खेळ तोट्यात आहे असे समजावे, मग बरणीभोवती कितीही हशा पिकत असो.

चिठ्ठी परत टाकायची नाही, या नियमाचा दुसरा फायदा येथे दिसतो. परत टाकत राहिलो तरी बऱ्याच दिवसांची सरासरी तीच येते, पण एखाद्या दिवशी चारऐवजी आठ जणांना भजे निघू शकतात आणि आचाऱ्याकडे तेवढे बेसन भिजवलेले नसते. परत न टाकल्यास चाळीस चिठ्ठ्यांचा खर्च २४० च्या पलीकडे जाऊच शकत नाही. मात्र त्यात एक खोच आहे : सकाळपासून किती भजे निघाले हे मोजणारे एकदोन गुरुजी प्रत्येक गावात असतातच, आणि शेवटच्या पाच चिठ्ठ्यांत तीन भजे उरले असतील तर ते ओळखून तेव्हाच येतात. म्हणून दहा चिठ्ठ्या उरल्या की नव्या चाळीस त्यात मिसळाव्यात आणि रात्री बरणीच्या तोंडाला फडके बांधून त्यावर सहीची पट्टी चिकटवावी.

अकरा वाजता येणाऱ्याला चांगली वस्तू मिळते आणि दोन वाजता येणाऱ्याला उरलेली, असा समज मात्र सार्वत्रिक आहे, आणि तो खरा नाही. कोणती चिठ्ठी निघाली हे ठाऊक नसताना पहिल्या माणसाला भजे निघण्याची शक्यता चाळिसात चार आहे आणि चाळिसाव्या माणसालाही चाळिसात चारच. क्रमाने काही फरक पडत नाही. हे मी फलकावर लिहिले होते. एका शिक्षकाने ते वाचले, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी अकराला हजर झाले.

पाचवी पायरी : चिठ्ठ्या तयार करणे आणि किल्ली सांभाळणे

एकाच वहीच्या कागदाच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापाव्यात, शिक्का मारावा आणि सगळ्या चिठ्ठ्या एकाच माणसाने एकाच बैठकीत दुमडाव्यात, कारण दोन माणसांची घडी कधीही सारखी येत नाही आणि सरावलेल्या बोटाला ती कळते. मग दुसऱ्या माणसाने प्रकारवार मोजणी करून वहीत सही करावी.

या मोजणीचा कंटाळा येतो हे मान्य. १९९२ साली फिलिपीन्समध्ये पेप्सीने बाटलीच्या बुचाखाली आकडे छापून बक्षीस योजना काढली होती. दहा लाख पेसोंच्या बक्षिसासाठी ३४९ हा आकडा जाहीर झाला आणि तो आकडा लाखो बुचांवर छापला गेल्याचे मागाहून उघड झाले. कंपनीने पैसे नाकारले, लोक रस्त्यावर आले आणि गाड्या जाळल्या गेल्या. आपल्याकडे चारच्या जागी चारशे भजे छापले गेले तर गाडी जळणार नाही, पण कढई महिनाभर उतरणार नाही.

किल्ली सांभाळण्याचा दाखला अमेरिकेतला आहे. मॅकडोनल्ड्सच्या मोनोपॉली खेळातल्या मोठ्या बक्षिसांच्या चिठ्ठ्या सुरक्षित ठेवण्याचे काम ज्याच्याकडे होते त्या जेरोम जेकबसनने १९८९ पासून त्या चिठ्ठ्या लांबवून ओळखीपाळखीच्यांना विकल्या. एफबीआयने २००१ मध्ये हे उघडकीस आणेपर्यंत कोट्यवधी लोक प्रामाणिकपणे खेळत होते. जो चिठ्ठ्या भरतो त्याच्याकडे बरणी नसावी, आणि बरणी ज्याच्याकडे आहे त्याने चिठ्ठ्या भरू नयेत. घरची दोनच माणसे असली तरी हे जमते : माझी पत्नी चिठ्ठ्या भरते, बरणी गल्ल्यावर माझ्यासमोर असते, आणि हात फक्त ग्राहकाचा जातो. सोबत लेकरू असेल तर त्याला काढू द्यावे. सरपंचपदाच्या सोडतीला शाळेतली मुले बोलावतात त्याच कारणाने.

सहावी पायरी : फलक

फलकावर सगळे आधीच लिहिलेले असले की वाद होत नाहीत. आमचा मजकूर असा होता : 'मंगळवार ते गुरुवार, दुपारी ११ ते ४. प्रत्येक बिलामागे एक चिठ्ठी. चिठ्ठीचे वेगळे पैसे नाहीत, जेवणाचे भाव पूर्वीचेच आहेत. प्रत्येक चिठ्ठीत भेट आहे. आज बरणीत : मठ्ठा १६, पापड १२, शिरा ८, आलूभजे ४. चिठ्ठी बदलून मिळणार नाही, दुसरी मिळणार नाही. योजना अमुक तारखेला संपेल.' त्याखाली रोज रात्री किती मठ्ठे आणि किती भजे निघाले हे खडूने लिहीत असू. निकाल दडवू नये असे कायदा म्हणतो आणि गावही म्हणते.

पाच जणांच्या टेबलाला एकच मठ्ठा निघाला तर काय करायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. आम्ही मठ्ठ्याचा एक पेला पाच छोट्या पेल्यांत वाटून देतो. चौकशी करून निघालेल्या, न जेवणाऱ्या माणसालाही मागितल्यास चिठ्ठी काढू द्यावी. असे दिवसाला एकदोघेच करतात, आणि फुकटचा पापड खाऊन कोणी तसाच उठत नाही.

सातवी पायरी : 'एक अजून'

सर्वांत जास्त जपावे लागते ते येथे. अनिश्चित वेळी मिळणारे बक्षीस ठरावीक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा जास्त चिकाटीने मागितले जाते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते. बरणी ज्या कारणाने चालते त्याच कारणाने जुगाराची यंत्रेही चालतात. एका दुपारी पापड निघालेल्या तरुणाने गल्ल्यावर दहाची नोट ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, एक अजून काढू द्या ना, भजे पाहिजेत." भजे तीस रुपयांना मिळत होते आणि त्याच्याकडे पैसे होते, त्याला भजे नको होते, ते 'निघायला' हवे होते. मी नोट परत केली आणि त्याला घरचे म्हणून दोन भजे ताटात दिले, जी माझी दुसरी चूक, कारण दुसऱ्या दिवशी तिघांनी नोटा ठेवल्या. दहा रुपये घेऊन दिलेली चिठ्ठी म्हणजे जुगार, हे कायद्याच्या पुस्तकात आहे म्हणून मी म्हणत नाही. त्या तरुणाच्या बोटांकडे पाहून म्हणतो. वाढप्याने अशा वेळी एकच वाक्य बोलावे, 'उद्या या, उद्याची उद्या,' आणि वळून पाणी आणायला जावे.

ज्याला हा सगळा खटाटोप नको असेल त्याने शिक्क्यांचे कार्ड द्यावे : प्रत्येक फेरीला एक शिक्का, आणि कार्ड भरले की ठरलेली भेट. नुनेस आणि ड्रेझ या अभ्यासकांनी २००६ साली मांडलेला मोटारी धुण्याच्या दुकानातला प्रयोग येथे उपयोगी आहे : आठ शिक्क्यांची कोरी कार्डे घेतलेल्यांपैकी १९ टक्के लोकांनी ती पूर्ण केली, तर दहा शिक्क्यांच्या, पण दोन शिक्के आधीच मारून दिलेल्या कार्डांपैकी ३४ टक्के पूर्ण झाली, धुणे दोघांनाही आठच वेळा लागणार होते. त्यात नशीब नाही, म्हणून गंमतही कमी. पण रोज येणाऱ्या बँकेच्या कर्मचाऱ्याला तेच जास्त आवडते असा माझा अनुभव आहे.

आठवी पायरी : मोजणे आणि थांबवणे

खेळ सुरू करण्यापूर्वीचे चार आठवडे मंगळवार, बुधवार आणि गुरुवारच्या बिलांची संख्या लिहून ठेवावी, आणि खेळ चालू असताना त्याच वारांची संख्या त्यासमोर लिहावी. पोळा, एकादशी, मोठा पाऊस आणि एसटीचा संप असे दिवस दोन्हीकडून वगळावेत. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात फरक फारसा नव्हता, दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात रोज पाचसहा बिले जास्त झाली आणि पाचव्या आठवड्यात आकडा पुन्हा खाली आला. बरणीची सवय झाली होती. सहा आठवड्यांहून जास्त काळ खेळ चालवू नये असे मी त्यावरून ठरवले आहे. वस्तू बदलून, जसे शिऱ्याऐवजी पुडाची वडी किंवा संत्र्याच्या दिवसांत संत्री ठेवून, दोनतीन महिन्यांनी पुन्हा मांडता येतो.

शेवटच्या गुरुवारी चार वाजता उरलेल्या चिठ्ठ्या हजर असलेल्या ग्राहकांसमोर उघडाव्यात आणि फलकावर शेवटचा हिशेब लिहावा. आमच्या सात उरल्या होत्या : चार मठ्ठे, दोन पापड, एक आलूभजे. मोजणारे गुरुजी तेथे होतेच; त्यांनी खडू घेऊन स्वतः बेरीज पडताळली. भज्याची चिठ्ठी त्यांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे होते अजून." फलक दोन दिवस तसाच ठेवून मग पुसला. बरणी सोड्याने दोनदा धुतली, उन्हात वाळवली आणि त्यात कैरीचे लोणचे भरले.